पाच नंबरची जाळी

सुमतीने सुताचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि गुंडी बाहेर परसात टाकली. सरोजने धावत येऊन ती उचलली.

"टोक कपाळाला लाव आणि मधोमध उभी राहा. हलू नकोस."

"हलत नाहीये गं ताई. नाकावर माशी बसलीये."

सूत ताणलं गेलं. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीतून निघून ते दोन लोखंडी खांबांच्या मधून गेलं आणि सरोजच्या कपाळाशी टेकलं. सुमतीने गजाला गाल लावून सुतावरून नजर नेली. मग आलवण डोक्यावर नीट ओढून ती मागच्या पायरीवर आली.

विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाच्या लिलावात नानांनी हा लोखंडी मंडप घेतला होता. पेट्या आल्या तेव्हा सगळं सुटंच होतं. आठ खांब, सात जाळ्या, वरच्या घुमटाच्या पाकळ्या आणि डबाभर नटबोल्ट. प्रत्येक भागावर इंग्रजी आकडा ओतलेला. नानांनी रेल्वेत ओव्हरसियर म्हणून जन्म काढला, पण आता त्यांना बारीक रेघा दिसत नसत. नकाशा वाचायला त्यांनी सुमतीलाच शिकवलं होतं. "बागेत उभा करू. तुला वाचत बसायला होईल," असं ते तेव्हा म्हणाले होते. तेवढ्यात कल्याणहून सरोजसाठी होकार आला, आणि मंडप लग्नाचा झाला.

सुमती विधवा होऊन माहेरी आली त्याच वर्षी सरोजला जन्म देऊन आई गेली. तान्ह्या सरोजला सुमतीनेच बोंडल्याने दूध पाजलं, तिनेच अंगाखांद्यावर घेऊन वाढवलं. लग्नाच्या दिवशी मात्र तिने बाळंतिणीच्या खोलीत बसायचं, दाराला कडी लावून. ते कुणी तिला सांगितलंही नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

"मी दिसेन ना तुला?" सरोजने विचारलं.

"दिसशील. गाल दिसेल आणि मुंडावळ्या दिसतील."

तिला स्वतःच्या लग्नातलं फार थोडं आठवत होतं. कपाळाला गार लागणाऱ्या मोगऱ्याच्या मुंडावळ्या आणि डोळ्यांसमोरचा अंतरपाट. मान वळवून मागे पाहण्याची तेव्हा छाती झाली नव्हती. त्यानंतर दुसरं लग्न तिने पाहिलं नव्हतं.

"ताई, ही गळासारख्या आकड्याची जाळी कुठं बसवू?" कोपरीहून आलेला भिवा लोहार जाळी उचलून उभा होता.

पाच नंबर. बाकीच्या जाळ्यांची नक्षी इतकी दाट की पलीकडे उजेडाचे ठिपके तेवढे दिसत. हिचीच भोकं तळहाताएवढी होती.

"इथे. या दोन खांबांमध्ये."

"मेलं लोखंड ते!" विमलाआत्या ओटीवरून सूप घेऊन आली. "मांडव म्हणजे बांबू असावेत, केळी असाव्यात. पिंजऱ्यात मुलगी उभी करून लग्न लावणार का रे हरी? व्याही हसतील."

"व्याही रेल्वेतलेच आहेत," नाना म्हणाले. "त्यांना लोखंडाचं काय वावडं?"

ते हसत हसत जाळीपाशी आले आणि थांबले. जाळीवरच्या आकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"सुमे, पाच नंबर पलीकडे ना? विहिरीच्या अंगाला? साहेबाने वेल चढवायला केली होती ती."

सुमतीने पायरीवरचा पाना उचलला, परत ठेवला. आत्या सूप पाखडायची थांबली होती.

नानांनी नकाशा मागितला, डोळ्यांजवळ धरला. मग जाळीच्या भोकातून त्यांनी समोर पाहिलं. खिडकीच्या गजाला सूत अजून बांधलेलं होतं. वाऱ्याने ते हलत होतं.

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "आवळ रे भिवा."

मुहूर्तमेढ रोवायला सवाष्णी जमल्या तेव्हा सुमती आत गेली.

लग्नाच्या दिवशी तिने उजाडताच अंघोळ केली आणि खिडकीशी बसली. भिवाने केळीचे खांब बांधले होते ते जाळीच्या दोन्ही कडांना, मध्ये नाही. तेवढं त्याने लक्षात ठेवलं होतं. सनई वाजू लागली. भोकांतून तिला बोहल्यावर रेखलेलं स्वस्तिक दिसत होतं, सूत टेकलं होतं नेमकं तिथेच.

मामा मुलीला बोहल्यावर घेऊन येतो, हे तिने ऐकलं होतं. आणल्यावर तो कुठे उभा राहतो, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

महिपतमामांची रुंद पाठ जाळीच्या मधोमध आली आणि तिथेच राहिली. जरीकाठी उपरणं, मानेवर घामाचे थेंब. सुमती खिडकीच्या डाव्या कोपऱ्याला सरली, उजव्या कोपऱ्याला सरली, शेवटी पेटीवर चढली. मंगलाष्टकं सुरू झाली. दर सावधानला मामांच्या खांद्यांवरून अक्षता उडत आणि त्यांतल्या काही जाळीतून अलीकडे मातीत पडत. ताशा कडाडला, लोक हलले. मामा बाजूला झाले तेव्हा स्वस्तिक पायांखाली पुसट झालं होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

वरात कल्याणला गेली. घर रिकामं झाल्यावर सुमती पाना घेऊन मंडपात उतरली. केळीची पानं कडेला लोळत होती. पाच नंबरची जाळी आता तिच्या जागी लावायला हवी होती.

नाना बाहेर निघाले होते, अंगात कोट, डोक्यावर पगडी. टेंभी नाक्यावर वकिलांकडे जाऊन येतो, म्हणाले. पण लगेच गेले नाहीत. मंडपात येऊन सरोज उभी होती तिथे उभे राहिले आणि खिडकीकडे पाहत राहिले.

"दिसलं का गं?"

"दिसलं, नाना."

"नीट?"

"नीट. मुंडावळ्या किती शोभल्या तिला." सुमतीने बोल्टावर पाना बसवला. "मोगरा अगदी टपोरा होता."

नानांनी मिटलेली मूठ हळूच कोटाच्या खिशात घातली.

"हो," ते म्हणाले. "सकाळीच आणवला होता. ताजा."

ते वळले आणि बोळातून रस्त्याला लागले. खिशातून बाहेर राहिलेलं सरोजच्या मोत्यांच्या मुंडावळीचं टोक त्यांच्या चालीबरोबर हलत होतं. ते कोपऱ्यावरून दिसेनासं होईपर्यंत सुमती पाहत राहिली. मग तिने पाना दोन्ही हातांनी धरला. भिवाने बोल्ट फार घट्ट आवळला होता.