पाचवा रकाना

आमच्या विभागाच्या दारावरची पाटी माझ्या नोकरीत तीनदा बदलली. आधी ‘आस्थापना’ होती, मग ‘कर्मचारी कल्याण’ झाली आणि शेवटी ‘मनुष्यबळ विकास’. खोली तीच राहिली, एका खिडकीची, आणि टेबलही तेच. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात दोनशे माणसं होती आणि त्यांचा विकास करणारा मी एकटा. विकास म्हणजे मी नक्की काय केलं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. मी पत्रकं भरायचो.

दर वर्षअखेरीला प्रत्येकाचं एक विकासपत्रक भरायचं असे. त्यात पाच रकाने. कामाचा दर्जा, वक्तशीरपणा, सहकाऱ्यांशी वागणूक, शिकण्याची तयारी, आणि पाचवा, ‘सुधारणेस वाव’. फोरमन तोंडी सांगायचा, मी नीट भाषेत लिहायचो, माणूस सही करायचा. पाचवा रकाना रिकामा सोडायचा नाही, असा मुख्य कचेरीचा दंडक होता. सोडला तर पत्रक परत यायचं, सोबत छापील चिठ्ठी: ‘कोणीही परिपूर्ण नसतो. कृपया पूर्ण करावे.’

काचताईंचं पत्रक पहिल्याच वर्षी दोनदा परत आलं.

काचताई तपासणी विभागात होत्या. अंधाऱ्या खोलीत एका दिव्यासमोर काच धरायची, तिरकी करायची आणि ओरखडा, बुडबुडा, लाट शोधायची. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. घासणीवरचा पैलवान एकदा म्हणाला, “ताईंना नवरा बघायला नेलं असतं ना, तर त्या अजून बिनलग्नाच्या राहिल्या असत्या.”

“राहिलेच आहे की,” ताई हातातली काच खाली न ठेवता म्हणाल्या. “तुला लांबून बघितलं आणि तिथेच थांबले.”

अशा बाईच्या नावापुढे काय लिहायचं? मी फोरमनला विचारलं. तो म्हणाला, “वाव-बिव काही नाही. लिहा हो काहीतरी.” टपाल निघायची वेळ झाली होती. मी लिहिलं, ‘चारचौघांत बोलताना संकोच.’ कुठून सुचलं कोण जाणे. कोणाला लागणार नाही, असं सौम्य वाक्य वाटलं. ताईंनी न वाचता सही केली. “तुम्ही लिहिलंय ना काका, मग बघायचं काय.”

पत्रक परत आलं नाही. पुढची दहा वर्षं मी तेच वाक्य उतरवत गेलो. आधीच्या चार रकान्यांत ‘उत्कृष्ट’, पाचव्यात संकोच.

मग कंपनीने दुसऱ्या गावात नवा कारखाना काढला. तिथे मुख्य तपासनीस हवा होता. त्याच गावात ताईंचे वडील राहत होते, एकटे. वर्षभरात दोनदा न्हाणीघरात पडले होते. दुसऱ्या वेळी शेजारच्यांना आवाज गेला नाही म्हणून चार तास तसेच पडून होते. ते आपलं घर सोडायला तयार नव्हते आणि ताई एकुलत्या एक. अर्ज द्यायला माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, “काका, ही जागा मिळाली ना, की संध्याकाळी सहाला मी बाबांच्या दारात. दुसरं काही नको.”

“तुम्हाला नाही मिळणार तर कोणाला?” मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं.

चार दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. मॅडम मुख्य कचेरीतून नव्याने आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांच्यासमोर अकरा पत्रकं ओळीने मांडलेली होती.

“काका, नियम माहीत आहे ना? एकच उणीव सलग तीन वर्षं आली की ती कायमची धरतात. मग हाताखाली माणसं असलेली जागा देता येत नाही. इथे तर अकरा वर्षं आहेत.”

“ते... ते तसं नाहीये. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता म्हणून...”

“म्हणजे नोंद खोटी आहे?”

मी होकाराची मान हलवली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “असं लेखी देऊ नका. पाचवा रकाना खोटा ठरला, तर वरचे चार खरे कशावरून? अक्षर तेच, सही तीच. मी अकराच्या अकरा पत्रकं रद्द करीन आणि ताईंकडे एकही ‘उत्कृष्ट’ उरणार नाही.” त्या खरोखर कळवळून सांगत होत्या. “एक वाट आहे. समितीसमोर दहा मिनिटं बोलून दाखवायचं. बोलल्या की नोंद आपोआप जाईल.”

घरी हे सांगितलं तेव्हा आमची ही भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. “भीड भिकेची बहीण म्हणतात,” ती म्हणाली. “तुमची तर दुसऱ्यांनाच भिकेला लावते. आधी त्या ताईला जाऊन सांगा.”

सांगितलं. तपासणीच्या खोलीत, दिव्याच्या उजेडात ताईंचे फक्त हात दिसत होते, ते एक बरं होतं. त्या आधी हसल्या. “दहा मिनिटं? मी दिवसभर बोलते, काका. पैलवानाला विचारा.” मग म्हणाल्या, “ती पत्रकं बघू.”

मी नक्कल नेली होती. त्यांनी एकेक कागद दिव्यासमोर धरला, काच धरतात तसाच. अकरावा ठेवला आणि पुन्हा पहिला उचलला.

“रोज हजार काचा बघते,” त्या म्हणाल्या, “आणि हा कागद एकदाही बघितला नाही.” मग पाचव्या रकान्यावर बोट ठेवून, “हे माझं नाही, काका. हे तुमचंच वर्णन आहे.”

ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

त्यांनी नक्कल घरी नेली. तिथेच बिघडलं असं मला वाटतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण दुसऱ्या दिवसापासून ताई बोलण्याआधी थांबायला लागल्या. पैलवानाने जेवणाच्या सुट्टीत काहीतरी टोमणा मारला, त्याला उत्तर यायला इतका वेळ लागला की तोच ओशाळला. “बरं वाटत नाही का, ताई?” त्याने विचारलं. मला त्यांनी एकदा जिन्यात गाठलं. “मी बोलताना हात फार हलवते का? खरं सांगा. फोरमन परवा माझं वाक्य मध्येच तोडून गेला, ते मी चाचरले म्हणून का?” मी म्हणालो, तो नेहमीच तसा जातो. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. अकरा वर्षांतले प्रसंग त्या आता एकेक करून तिरके धरून बघत होत्या.

समितीत तिघे होते. आमचे साहेब, मॅडम आणि मुख्य कचेरीतले एक पाहुणे. मी कागदपत्रांचा माणूस म्हणून कोपऱ्यात खुर्चीवर. पाहुण्यांनी सोपा विषय दिला. “नव्या माणसाला काच कशी तपासायची, ते आम्हाला समजावून सांगा.”

हे ताईंनी पन्नास जणांना तरी शिकवलं होतं.

“काच आधी,” त्या म्हणाल्या, “म्हणजे उजेड आधी. म्हणजे दिवा असा मागे...” हात उचलला आणि मध्येच खाली घेऊन मांडीखाली दाबला. “लाट असते. लाट म्हणजे...” आणि थांबल्या. पाहुणे वाट बघत होते. साहेब टेबलाकडे बघत होते. ताईंचे डोळे एकदा माझ्याकडे वळले, रागाने नाही. विसरलेला शब्द माझ्याकडे लिहिलेला असेल, अशा नजरेने. दहापैकी तीनच मिनिटं झाली होती. “मला येतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला रोज येतं.”

पाहुण्यांनी पत्रकं चाळली. “नोंद किती अचूक आहे,” ते म्हणाले. “आणि अकरा वर्षं सातत्याने. कोणी लिहिली?”

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं. खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. “ती यांची नाही,” मी म्हणालो. “माझी आहे. मी, मी माझंच लिहिलं.” पुढे काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण विसरून पडद्यामागे पळालो होतो, ते सांगितलं. माझ्या बढतीच्या वेळी आभाराचे चार शब्द बोलता येईनात म्हणून आजारी पडलो, ते सांगितलं. ताईंच्या वडिलांचं सांगितलं. घाम कानामागून कॉलरीत उतरत होता, आवाज मध्येच चिरकत होता, पण मी थांबलो नाही. जन्मात पहिल्यांदा मी तीन माणसांपुढे उभा राहून बोलत होतो.

संपलं तेव्हा पाहुणे हसले, मनापासून. “काका, तुम्ही बोललात की! बघा, निवृत्तीला आलेला माणूससुद्धा बदलू शकतो. विकास म्हणतात तो हाच.” ते साहेबांकडे वळले. “बाईंना बारा आठवड्यांचा वर्ग द्या, संभाषणाचा. आणि शिकवायला बाहेरचा माणूस कशाला? ज्याने स्वतः मात केली, तोच हवा.”

“पण जागा?” ताईंनी विचारलं. आता मात्र आवाज स्पष्ट होता.

“जागा तर थांबणार नाही, बाई. पुढच्या वेळी.”

बाहेर आल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. “तुमचं बोलणं मी इतिवृत्तात घेतलेलं नाही. घेतलं असतं तर चारही रकाने गेले असते. ताईंच्या भल्यासाठीच.” मी आभार मानले. खरंच मानले, सवयीने.

बुधवारी दुपारी तीन ते चार, सामानाच्या खोलीशेजारी. एक फळा, एक बाक, एक विद्यार्थिनी. पैलवानाने दारातून डोकावून म्हटलं, “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” कोणी हसलं नाही, त्यालाही ते नकोसं झालं असावं, जाताना त्याने दार हळू लावलं.

पहिल्या तासाला मी फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काही सुचेना. ताई बाकावर हात गुडघ्यांत धरून बसल्या होत्या. सकाळीच वडिलांशी बोलणं झालं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. “बाबांनी विचारलं, कधी येतेस. म्हटलं, आधी बोलायला शिकते, मग येते.” त्या हसल्या नाहीत. “त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.”

“मी काय शिकवू तुम्हाला?” मी म्हणालो.

“काहीतरी शिकवा. हजेरी लागायला हवी.”

मग मी पिशवीतलं पुस्तक काढून मोठ्याने वाचलं. चार वाजेपर्यंत. कसं वाचलं ते मला माहीत नाही. त्या ऐकत होत्या की खिडकीबाहेर बघत होत्या, तेही कळलं नाही.

वर्गाचंही पत्रक होतं, दर तासाचं, तेच पाच रकाने. मी चार भरले आणि त्यांच्यापुढे सरकवलं. आता त्या वाचल्याशिवाय सही करत नसत. कागद खिडकीशी नेला, तिरका धरला. बोट ओळीओळीने खाली आलं आणि थांबलं.

“पाचवा रिकामा आहे.”

“हो.”

“परत येईल, काका.”

“येऊ दे.”

त्यांनी सही केली.

पुढच्या बुधवारी पत्रक परत आलं, छापील चिठ्ठीसकट. मी ते तसंच, रकाना रिकामा ठेवून, पाकिटात घातलं, मुख्य कचेरीचा पत्ता लिहिला आणि तीन वाजता वर्गावर गेलो. ताई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या.