आनंदरावांच्या कॉलरची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. लढाईच्या विमानात बसणाऱ्याच्या कॉलरला अडकवतात ना, ती. पितळेची, करंगळीएवढी.

वर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून विमानवाल्यांना आधी कातडी कोट मिळाले. मग चष्मे, कानटोप्या, पाठीवर हवाई छत्री. तरी खाली उतरलेली माणसं रानावनात हरवायचीच. तेव्हा कुठे माझी आठवण झाली. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात विमान बिघडलं आणि माझे मालक आनंदराव वेल्ह्याच्या डोंगरात छत्रीने उतरले, ते कड्याखाली, पाय मोडून. दिवेलागणीची वेळ, धुकं दाट. त्यांनी मला ओठांत धरून जीव खाऊन फुंकलं. मीही जिवाच्या आकांताने ओरडले.

वर आपल्या झापात, म्हणजे गवती झोपडीत, हैबती धनगर शेळ्या कोंडत होता. त्याला मी ऐकू गेले होते. हे मला पुढे कळलं. पण त्या डोंगराची रीत अशी, की धुक्यातून नाव न घेता बोलावणं आलं तर ओ द्यायची नाही. तो चकवा असतो, माणसाला कड्यावर नेतो.

"कुनी मानूस तर न्हाई?" त्याची बायको सोजराबाई म्हणाली.

"मानूस आसता तर हाक मारली आसती," म्हणत त्याने दार ओढून घेतलं.

सकाळी धुकं फाटलं आणि त्याला झाडावर छत्रीचं पांढरं कापड दिसलं. आनंदरावांना पाठुंगळी घेऊन तो थेट वेल्ह्याला गेला. 

दिवाळीनंतर आनंदराव डोलीतून वर आले. एक पाय गुडघ्यापासून नव्हता.

"आदल्या संध्याकाळीच सापडलो असतो तर पाय वाचला असता म्हणतात," ते म्हणाले. "पण हैबतीबाबा, तुमच्यामुळे जीव तरी राहिला." आणि त्यांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

सोजराबाईने मान खाली घातली. "म्या... त्या सांजंला..." हैबतीच्या तोंडून एवढंच आलं. आनंदरावांना वाटलं, म्हातारा संकोचतोय. त्यांनी त्याला मिठी मारली. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून मी झापाच्या मेढीला, मधल्या खांबाला, टांगलेली आहे. हैबती माझ्याकडे बघत नाही. अपराधी मलाही वाटतं. माणसासारखी हाक मारता आली असती तर! पण किंचाळण्यापलीकडे मला काही येत नाही.

आता धुक्यात कुठे खुट्ट झालं तरी तो काठी घेऊन निघतो.

"आवं, चकवा आसंल," सोजराबाई आडवी येते.

"आसू दे," तो म्हणतो.

झापात आलात तर मला खुशाल हातात घ्या. पण गंमत म्हणून फुंकू नका. तो कड्याकडे धावेल, आणि हल्ली त्याला सांजेचं दिसत नाही.