अहो आई, अगं आई

"अगं आई, इकडे ये ना, हे बघ," अशी लेकीची हाक आली तेव्हा कवळीबाई सगळ्यांच्या टोप्या आणि पिशव्या सांभाळत बोटवाल्यांच्या गल्लीत जरा मागे राहिल्या होत्या. त्या लगबगीने पुढे झाल्या. पाहतात तर हाक त्यांना नव्हतीच. लेक एका दुकानाच्या काचेला नाक लावून उभी होती आणि तिची सासू, म्हणजे विहीणबाई, तिच्या शेजारी तसंच नाक लावून आत पाहत होती.

लग्न झाल्यापासून लेक सासूला 'अहो आई' म्हणायची आणि आईला 'अगं आई'. हा फरक कवळीबाईंनी कधी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता, पण मनातून तो त्यांनी जपून ठेवला होता. मान विहीणबाईंकडे गेला तर जाऊ दे, 'अगं' आपल्याकडे आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आणि आता सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, भर रस्त्यात, तो 'अहो' गळून पडलेला दिसला. कधी गळला कोण जाणे. जावयांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते कोपऱ्यावर सँडविच मिळतंय का ते बघायला गेले होते.

कवळीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, आणि त्या आपल्या कार्यशाळेत बसून मेणात एकेक दात रोवून कवळ्या तयार करायच्या. डॉक्टरांनीच थट्टेत पाडलेलं नाव पुढे घरातही रुळलं. नवऱ्याला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा बोट लागायची, म्हणून तो या सुट्टीला आलाच नव्हता. विहीणबाई होत्या भूलतज्ज्ञ. व्याही वारल्यावर, पन्नाशी उलटल्यावर त्या समुद्राखाली डुबक्या मारायला शिकल्या, आणि मुलाला आणि, लग्न झाल्या झाल्या, सुनेलाही त्यांनी तो नाद लावला. प्रत्येक सुट्टीनंतर कवळीबाईंच्या फोनवर फोटो यायचे. काळे सूट घातलेल्या दोघी, पाठीवर सिलिंडर, एकमेकींच्या खांद्यावर हात. ज्या पोरीला पोटाखाली हात धरून पोहायला आपण शिकवलं, ती आता दुसऱ्याच बाईबरोबर पाण्याखाली हिंडते, हे काही केल्या कवळीबाईंच्या गळी उतरत नव्हतं.

मग त्यांनीही गुपचूप शिकवणी लावली. आधी तलावात, नंतर पाणी साठलेल्या एका जुन्या खाणीत, निम्म्या वयाच्या पोरांच्या घोळक्यात त्या धडपडल्या, नाकातोंडात पाणी गेलं, पण उत्तीर्ण झाल्या. लेकीला सांगितलं तेव्हा ती आनंदाने ओरडलीच, आणि तिने सगळ्यात आधी कुणाला फोन केला, तर सासूला. आठवड्याच्या आत विहीणबाईंकडून भेट आली, एक उत्तम मास्क. लेकीकडून चष्म्याचा नंबर विचारून घेऊन त्यांनी त्यात तशा काचा बसवून घेतल्या होत्या. तो कवळीबाईंच्या चेहऱ्यावर इतका नेमका बसला की नावं ठेवायला जागाच उरली नाही, आणि सगळा राग त्याचाच होता.

आता गल्लीतल्या एकेका बोटवाल्याकडे जाऊन चौकशी चालली होती. चौकशी म्हणजे विहीणबाई हळू आवाजात प्रश्न विचारायच्या आणि लेक मान डोलवायची. एका वाटाड्यामागे किती माणसं पाण्यात उतरवता? बोटीवर ऑक्सिजन असतो का? सिलिंडर शेवटचे कधी तपासून आणले? वारा फिरला तर परत येता की ठरलंय म्हणून पुढे रेटता? ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवताना त्या याच आवाजात बोलत असणार, असं कवळीबाईंना वाटलं. दुकानदारांची उत्तरं गडबडायची, पण चिडायचं कुणी नाही. एकाने तर आपणहून कबूल केलं की या दिवसांत आपण सांगतो त्या जागी पाणी गढूळ असतं, दोन महिन्यांनी या.

शेवटी दोन बोटी उरल्या. एक मोठी पिवळी बोट, बुडालेल्या मालवाहू जहाजावर नेणारी. जहाज पार तळाशी सरळ उभं होतं, त्याचं डेक फार खोल नव्हतं, म्हणजे कवळीबाईंनाही तिथपर्यंत उतरता आलं असतं. दुसरी एका नवरा-बायकोची छोटी बोट, ती जवळच्या प्रवाळावर जायची. विहीणबाईंच्या मनात जहाज होतं. लेकीच्याही. पिवळ्या बोटीच्या माणसाने समजावून सांगितलं की जहाजावर अनुभवी माणसांची जोडी वेगळी जाईल, आणि नवशिक्यांना वाटाड्या आपल्याबरोबर वरच्या बाजूने फिरवून आणेल. लेकीने लगेच सासूचा दंड धरला.

एवढी खाण पालथी घातली ती काय वाटाड्याचा हात धरून फिरायला? कवळीबाईंनी काउंटरवरचा, पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर उचलला. त्याचा तोंडात धरायचा रबरी भाग बोटांनी दाबून पाहिला, उलटा केला, उजेडाकडे धरला.

"हे चावलेलं आहे," त्या म्हणाल्या. "दातांत नीट बसायचं नाही. खाली गेल्यावर सुटलं म्हणजे?"

दुकानदार काही बोलणार तेवढ्यात विहीणबाईंनी हात वर केला. दातांतलं त्यांना कळतं, त्या नको म्हणतात तर नको, असं त्या सरळ म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. वाद नाही, कुरकुर नाही. लेकीचा चेहरा उतरला होता, तरी तीही निमूट मागोमाग गेली. आपल्या मनासारखं झालं याचा कवळीबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण विहीणबाईंनी इतक्या सहज सोडून दिलं की आपणच हलके ठरलो, असं त्यांना जेवताना सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी बोट निघाली. नवरा सुकाणूवर होता, बायको माणसांचं बघत होती. कवळीबाई मुद्दाम लेकीला खेटून बसल्या होत्या. प्रवाळ उथळ, त्यामुळे इथे अनुभवाचा प्रश्न येणार नाही, मायलेकी जोडीने उतरू, असा सगळा बेत मनाशी पक्का होता. बोटवालीने प्रत्येकाला आधी कुठे कुठे उतरलात ते विचारलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, सगळ्यात नवीन कोण, या बाई, मग यांच्याबरोबर सगळ्यात अनुभवी. तिने कवळीबाईंना उचलून विहीणबाईंच्या शेजारी बसवलं. लेक आणि जावई, दुसरी जोडी. आपला डाव असा आपल्याच गळ्यात पडलेला पाहून कवळीबाई मास्कची काच पुसत बसल्या.

नांगराच्या दोरीला धरून दोघी खाली निघाल्या. थोडं उतरताच कवळीबाईंचा डावा कान ठणकायला लागला. खाणीत असं कधी झालं नव्हतं. नाक चिमटीत धरून फुंकलं, ठणका जाईना. लेक आणि जावई खाली निळ्यात दिसेनासे झाले. विहीणबाई मात्र समोरच थांबल्या होत्या, डोळ्याला डोळा भिडवून. त्यांनी तळहाताने सुचवलं, हातभर वर या. वर आल्यावर सुचवलं, थांबा. मग परत थोडं खाली. असं कितीदा केलं देव जाणे. विहीणबाईंच्या नजरेत घाई नव्हती की कंटाळा नव्हता. एकदाचा कान 'टक्' करून सुटला आणि दोघी प्रवाळापाशी पोचल्या.

तिथे पहिल्यांदा कवळीबाईंना काही दिसलं नाही, ऐकू आलं. कुणीतरी कडक खडीसाखर दाढेखाली फोडतंय असा आवाज. त्यांनी मान वळवली. हिरव्या-गुलाबी रंगाचा हातभर लांबीचा एक पोपटमासा प्रवाळाचे लचके तोडत होता. त्याचं तोंड म्हणजे चोच, आणि ती चोच म्हणजे एकमेकांना चिकटलेले दात. एका रेषेत, कुठे फट नाही, वरचा जबडा खालच्यावर बरोब्बर बसलेला. असा चावा साधावा म्हणून कवळीबाई आयुष्यभर मेण तासत आल्या होत्या. त्या माशामागे निघाल्या. मासा वळला की त्या वळायच्या, तो चावला की त्या त्याच्या तोंडाशी डोळे नेऊन बघायच्या. मग त्यांनी विहीणबाईंचा हात ओढला, माशाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या दातांवर बोट आपटलं, आणि दोन्ही हातांनी कवळी बसवल्याचा अभिनय केला. विहीणबाईंना असं हसू फुटलं की त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. लेक कुठे आहे हा विचार कवळीबाईंच्या मनात आला तो थेट वर निघायची वेळ झाल्यावर.

बोटीवर लेक कासवाचं सांगत होती. केवढं मोठं होतं, कसं तिच्या पायाखालून गेलं. विहीणबाई ऐकत होत्या, पण त्यांचं निम्मं लक्ष कवळीबाईंकडे होतं. मेणात दात बसवताना पहिला कुठला बसवता, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. लेक आणि जावई पुढच्या बाजूला उन्हात जाऊन बसले, तेव्हा दोघी मागे राहिल्या.

"काल ते रबर चावलेलं नव्हतं," कवळीबाई एकदम म्हणाल्या.

"माहीत आहे. नवंकोरं होतं." विहीणबाई केस पुसत होत्या. "मला वाटलं तुम्हाला भीती वाटतेय. एवढ्या गर्दीच्या बोटीतून एकदम जहाजावर नको, म्हणून मी बोलले नाही."

इथे 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. कवळीबाईंनी ते गिळलं.

"भीती नव्हती. जळफळाट होता."

विहीणबाईंनी टॉवेल खाली घेतला.

"भीती असती तर माझ्याकडे उपाय होता," त्या म्हणाल्या. "कशाचा जळफळाट?"

"ती तुम्हाला अगं म्हणते."

"मीच सांगितलं तिला, अहो सोड म्हणून. घरात कुणी पाहुणं आल्यासारखं वाटायचं मला. मला मुलगी नाही. मला वाटलं, तुम्ही दिलीत."

"लग्न करून दिलं," कवळीबाई म्हणाल्या. "मुलगी नाही दिली."

बोलून गेल्यावर आपण फार कडू बोललो असं त्यांना वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत असं काही वाटलं नाही. विहीणबाईंनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या, पण दुखावल्या होत्या, ते लपवलंही नाही. आता मी सांगूनही ती सवय सुटायची नाही, असं त्या म्हणाल्या. कवळीबाईंनाही ते ठाऊक होतं. मग दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या आणि किनारा जवळ येईपर्यंत पुन्हा दातांवरच बोलल्या. दुसऱ्या कशावर बोलणं दोघींनाही जमलं नसतं.

संध्याकाळी त्या दोघीच पिवळ्या बोटीवाल्याकडे गेल्या. कवळीबाईंनी काउंटरवर उभं राहून त्याची माफी मागितली. रबर उत्तम आहे, चूक माझी, असं स्वच्छ सांगितलं. त्यानेही ताणून धरलं नाही. अनुभवी माणूस बरोबर असेल तर नवशिक्याला वाटाड्याची गरज नाही, एवढं विहीणबाईंनी त्याच्याकडून गोड बोलून वदवून घेतलं, आणि सकाळच्या बोटीवर सगळ्यांच्या जागा ठरवून टाकल्या.

सकाळी पिवळी बोट बुडालेल्या जहाजाच्या वर जाऊन थांबली तेव्हा लेक सवयीने सासूशेजारी येऊन तिच्या सिलिंडरचे पट्टे तपासू लागली.

"मी तुझ्या आईबरोबर जातेय," विहीणबाई म्हणाल्या.

"मग मी?"

"नवरा आहे की तुझा."

लेकीने खालचा ओठ पुढे काढला. लहानपणी तलावातून बाहेर काढलं की ती हेच करायची. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग आईकडे. दोघी एकमेकींचे पट्टे ओढून बघण्यात गर्क होत्या. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते कवळीबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. बिचारीला जवळ घ्यावं असं कुठल्याही आईला वाटलं असतं. कवळीबाईंना मात्र आतून गुदगुल्या झाल्या, आणि त्या पाय उचलून पाण्यात गेल्या.

जहाज प्रचंड होतं, कठडे शेवाळाने जाड झालेले, आणि मालाच्या कोठाराच्या तोंडातून चंदेरी माशांचा थवा धुरासारखा वर येत होता. वर आल्यावर लेकीने आईच्या दंडाला धरलं आणि दुसऱ्या डुबकीला माझ्याबरोबर ये म्हणाली, तेही अगदी हळू, सासूला ऐकू जाऊ नये अशा बेताने. कवळीबाईंनी लगेच 'हो' म्हटलं नाही. विहीणबाईंना विचारते, म्हणाल्या, आणि खरोखरच जाऊन विचारून आल्या.

दुसऱ्या डुबकीला लेकीने त्यांचा हात असा घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. कवळीबाईंनी ती सोडवली नाहीत. किती दिवस हेच हवं होतं त्यांना. दोघी कठड्याकडेने तरंगत चालल्या असताना पलीकडे, डोलकाठीच्या बुंध्याशी, विहीणबाई आणि जावई कशावर तरी वाकून बघत उभे दिसले. विहीणबाईंनी जावयांच्या खांद्यावर थोपटलं, काहीतरी दाखवलं, आणि दोघांच्या तोंडून हसण्याचे बुडबुडे भराभर वर निघाले.

काय बघताहेत एवढं, असं कवळीबाईंच्या मनात आलं. आणि आपल्याला का नाही बोलावलं?