आरपार भोकाचा दगड

घातलात ना हात माझ्या भोकात? असू द्या. सायप्रस बेटावरचे जुने अवशेष बघायला येणारे सगळेच घालतात. मी तोच दगड बोलतोय, पाफोसच्या वरच्या अंगाला ऑलिव्हच्या झाडांत एकटा उभा असलेला.

मला घडवलं ते तेल काढायला. माझ्या भोकात घाण्याचा दांडा अडकवत, त्याच्या दुसऱ्या टोकाला धोंडे टांगत. पुढे घाणा मोडला, माणसं गेली, मी उरलो. मी कशासाठी उभा आहे हे सांगणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा लोकांनीच मला काम दिलं. आजारी पोर माझ्या भोकातून तीनदा आरपार काढायचं, त्याचं झबलं इथेच टाकायचं आणि मागे वळून न बघता घर गाठायचं. वळून बघितलं, की आजार पुन्हा पोराच्या मागे लागतो म्हणे.

एलेंगू आली तेव्हा कोवळी आई होती. बरोबर सासू, ख्रिस्तल्लू. पोराचं अंग नुसतं भाजत होतं.

"आई, डॉक्टरकडे नेऊ या ना," एलेंगू म्हणाली.

"डॉक्टर बसलाय तिकडे शहरात. तुझ्या नवऱ्याला मी इथूनच काढला होता, झाला ना घोड्यासारखा? रडतेस काय, पाय धर त्याचे."

पोर काढून झालं. झबलं माझ्या पायथ्याशी टाकून दोघी निघाल्या. वाऱ्याने ते फडफडलं आणि एलेंगू वळली.

त्याच आठवड्यात पोर गेलं. सासू मरेपर्यंत सांगत राहिली, "दगडाने बरं केलं होतं. हिनेच वळून बघितलं." एलेंगूनेही ते खरं मानलं. रानभाजी खुडायला आली, की माझ्यापाशी थांबून पुटपुटायची, "माझ्यामुळेच रे." हे ती मला म्हणायची की पोराला, कुणास ठाऊक.

वर्षं गेली. खोदकाम करणारे आले, माझ्याशेजारी पाटी लागली, बस येऊ लागल्या. एका सकाळी एक गाईड मुलगी राजधानीतल्या मंडळींना पाटी वाचून दाखवत होती. म्हातारी एलेंगू बाजूलाच भाजी खुडत होती.

"हा तेलघाण्याचा खांब. लोक यातून मुलं काढायचे, बरी होतात म्हणून."

"मलाही काढलं असणार," एकजण म्हणाला, "म्हणूनच एवढा तेलकट." सगळे हसले.

एलेंगू पुढे आली. "पोरी, आणि वळून बघितलं तर?"

"तर काय आजी? दगड आहे तो. काही होत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

एलेंगूचा चेहरा क्षणभर सैल झाला. मला वाटलं, उतरलं हिचं ओझं. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे शहरातच न्यायला हवं होतं."

मुलगी तोवर मंडळींना घेऊन पुढे गेली होती.

आता एलेंगू माझ्यापाशी थांबत नाही. पलीकडच्या बांधाने जाते, मान खाली घालून. पाटीवर लिहिलंय ते खरं आहे, माझी काही तक्रार नाही. तुम्हीही वाचा, खुशाल वाचा. फक्त मनातल्या मनात.