भीमामावशीची साडी

संदेशने गेल्या वर्षी रोलचा जुना कॅमेरा विकत घेतला आणि तेव्हापासून त्याचं रंगांशी वाकडं झालं. ठाण्यातलं ऑफिस सुटलं की तो रस्त्यावर फोटो काढत फिरायचा, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. "रंग असला की माणूस रंगच बघतो, चेहऱ्याकडे बघतच नाही," असं तो बहिणीला, पायलला, ऐकवायचा. तरी पायलने त्याच्या बॅगेत हट्टाने एक रंगीत रोल टाकून ठेवलेला.

चौदा एप्रिलच्या सकाळी ठाकुर्लीत त्यांच्या चाळीसमोर मंडप उभा होता. निळे झेंडे, निळ्या पताका, आणि मिरवणुकीसाठी सरबत करायला बसलेल्या बायका, झाडून सगळ्या निळ्या साड्यांत. संदेशची आई शालन पातेल्यात साखर ढवळत होती. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"रंगीत आहे ना रे?" लिंबं चिरणाऱ्या शेजारच्या भीमामावशीने विचारलं.

"नाही मावशी, ब्लॅक अँड व्हाइट."

"मग ही साडी कशी दिसणार?"

"राखाडी."

मावशीने सुरी खाली ठेवली. "शालन, ऐकलंस? कल्याणची सगळी दुकानं पालथी घालून हा निळा मिळवला, आणि तुझा पोरगा म्हणतो राखाडी! जयंतीला चाललोय की मयताला?"

"भाव दिसतात मावशी, भाव!"

"भाव बाजारात बघ जा. आम्हाला नाही काढायचे फोटो."

बायकांनी त्याच्याकडे पाठ केली. तो पुढे गेला की पदर तोंडावर. आईनेही. तासभर त्याला पाठी आणि कोपरं एवढंच मिळालं. शेवटी तो वैतागला.

"बरं, घालतो रंगीत!" अर्धा रोल गुंडाळून त्याने बाहेर काढला आणि पायलवाला आत घातला.

लगेच सगळ्या उठल्या. पदर सारखे केले, केसांवरून हात फिरवले, आणि हात सरळ खाली सोडून आधार कार्डासाठी उभ्या राहिल्यासारख्या ओळीत उभ्या राहिल्या. कुणी हसेना, कुणी हलेना. संदेशने एक फोटो काढला. रंग होता, बायका मात्र गायब झाल्या होत्या.

त्याने क्षणभर विचार केला. मग कपाळावर हात मारला.

"अरेरे! रोल अडकला. आता तोच, काळापांढरा."

"घ्या!" भीमामावशी म्हणाली. "फुकट उभी राहिले."

संदेशने पाठ वळवून बॅगेत उगाच खुडबूड केली, कॅमेऱ्याचं एक बटण दोनदा वाजवलं आणि पुन्हा वळला. जवळ उभ्या पायलने सगळं पाहिलं होतं. तिने ओठ दाबले आणि मुकाट्याने ग्लास विसळायला लागली.

आता त्याच्याकडे कुणी लक्ष देईना. तेवढ्यात मंडपातला डीजे तपासणीसाठी एकदम दणाणला. शालन दचकली आणि ओगराळंभर थंडगार सरबत भीमामावशीच्या पायावर सांडलं. मावशी एका पायावर नाचायला लागली, शालन तिला धरता धरता खाली बसली, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटल्या. संदेश फोटो काढत राहिला. साऱ्या निळाईत मावशीच्या पुढ्यातली पिवळी लिंबं घरंगळत होती, आणि एरवी रंगांना नावं ठेवणाऱ्या त्याला आपण हे राखाडी करणार होतो याची मनातून लाज वाटली.

फोटो धुऊन आले तेव्हा भीमामावशी त्यांच्या घरीच बसली होती. आधी ओळीतला फोटो निघाला. "हा छान," ती म्हणाली. "नीट दिसते मी." मग दुसरा. त्यात तिचा एक पाय हवेत होता आणि तोंड पडलेल्या दातांसकट उघडं. साडी निळीशार.

"हा कधी काढलास? तेव्हा तर तू काळापांढरा..."

पायलला हसू आवरेना. शालनने लेकाचा कान पकडला. "आईला टोपी घालतोस?"

"आई गं! पण भाव दिसले की नाही?"

"पुढच्या वर्षी आधी कॅमेरा उघडून दाखवायचा, मगच बोलायचं."

"उघडला तर रोल खराब होतो गं."

"बघ, आणखी एक थाप!" भीमामावशी म्हणाली, आणि दोन्ही फोटो पदराआड घालून चाळीत दाखवायला निघालीसुद्धा.