तोंडी परीक्षेची तयारी

महिपत गुरुजींनी, म्हणजे हेमाच्या सासऱ्यांनी, घरातल्या आबांनी, उभ्या आयुष्यात एकाही मुलाला तयारीशिवाय परीक्षेला पाठवलं नव्हतं. पालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कल्याणातल्या त्यांच्या सोसायटीतली निम्मी पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी त्यांच्या सोफ्यावर बसून गेलेली. त्यामुळे नातीला ठाण्याच्या मुलांच्या मानसिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष घेऊन या, असा निरोप आला तेव्हा आबांनी आधी चष्मा पुसला आणि मग विचारलं, "काय काय विचारतात तिथे?"

आता तयारी सुरू होणार, हे हेमाला कळलं ते तिथेच.

नात रसिका, पाचवीतली. शहाणी, नीटनेटकी, सांगितलेलं ऐकणारी, शेजारणींनी आपल्या पोरांना जिचं उदाहरण देऊन छळावं अशी. दिवाळीनंतर तिला ऐन शाळेच्या वेळेला ओकाऱ्या व्हायला लागल्या. पोटाचे डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही म्हणता काही सापडलं नाही, तेव्हा डॉक्टरांनीच या केंद्राचं नाव सुचवलं. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी गोष्ट मात्र फक्त हेमाला आणि तिच्या नवऱ्याला, सूरजला, ठाऊक होती. रसिका स्वतःचे केस उपटायची. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, नुसती बसलेली असतानासुद्धा तिचा उजवा हात मानेमागून वर जायचा, बोटं एक केस शोधायची आणि ओढायची. डोक्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी जागा पार गुळगुळीत झाली होती.

हेमा रोज सकाळी आजूबाजूचे केस त्या जागेवर आडवे घेऊन अशी वेणी घालायची, की पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये. आणि पोरीचा हात वर जाताना दिसला, की असेल तिथून येऊन तो धरायची. रागावून नाही, हळूच, बोलता बोलता, कणकेच्या हातानेसुद्धा. रसिका हात खाली घेऊन पुन्हा पुस्तकात बघायची.

आता एखादी म्हणेल, एवढं होतं तर सरळ सांगून टाकायचं ना सगळ्यांना. सांगणं एवढं सोपं असतं तर जगात निम्मी दुखणी उरलीच नसती. हेमाने ती जागा पहिल्यांदा पाहिली, सूरजच्या कानावर घातली, आणि दुसऱ्याच दिवशी रसिकाने न्हाणीघरात तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला. "माझ्या गळ्याची शपथ आहे आई. आबांना सांगायचं नाही. डॉक्टरांना पण नाही. कोणालाच नाही." हेमा बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी. शपथेने कोणी मरत नाही हे तिला कळत होतं. पण पोटच्या पोरीचा गळा हाताखाली धडधडत असताना घेतलेली शपथ मोडायला जीभ उचलेना, ती काही केल्या उचललीच नाही. सूरजला कुठली शपथ नव्हती, पण तो सांगणार नव्हता. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणायचा. "वयाचं असतं गं, जाईल." झाकायचं काम मात्र हेमाकडे.

पहिली भेट त्या निरोपाआधी व्हिडिओ कॉलवर झाली होती. भेट कसली, तमाशाच तो. लॅपटॉपसमोर रसिका, आणि लॅपटॉपच्या मागे स्टुलावर आबा. लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोरांच्या ऑनलाइन परीक्षा अशाच पार पडल्या होत्या, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पलीकडून केंद्रातल्या समुपदेशक मंजुळा मॅडमनी विचारलं, "शाळेत मैत्रिणी आहेत का गं?" की आबा भुवया उंचावून मान डोलवायचे, आणि रसिका म्हणायची, "हो, पुष्कळ." कॅमेऱ्याला दिसत होता पावडर लावलेला हसरा चेहरा. डोक्याची मागची बाजू त्याला कुठून दिसणार? शेवटी मॅडम म्हणाल्या, "कॉलवर मला फारसं कळत नाहीये. प्रत्यक्षच या सगळे. आणि आई, तिला काही शिकवून आणू नका हं. आहे तशी आणा."

आबांनी यातलं 'प्रत्यक्ष' तेवढं ऐकलं. लेखी झाली, आता तोंडी.

जायचं ठरलं तेही एका अटीवर. "एकदा जाऊ," आबा म्हणाले. "त्यांनी ठीक आहे म्हटलं, की हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही." सूरजने लगेच मान हलवली. म्हणजे हेमाच्या हातात एकच भेट होती. त्या भेटीत रसिका गोड हसून पास झाली, की मग ओकाऱ्या होवोत नाहीतर अख्खं डोकं रिकामं होवो, तिला कुठे दाखवायची सोय नव्हती. आणि पास होण्यात तर त्या पोरीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तयारी सुरू व्हायची.

"झोप कशी लागते?"

"छान लागते."

"पूर्ण वाक्यात."

"मला रात्री छान झोप लागते."

"भीती कशाची वाटते?"

"मला कशाचीही भीती वाटत नाही."

"असं नको, खोटं वाटेल. पालीची म्हण."

"मला पालीची भीती वाटते."

"शाब्बास!"

हेमा ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. तिकडे आमटी उतू जायची आणि इकडे तिच्या डोक्यात काहीबाही. एकदा न राहवून ती बाहेर आली. "आबा, त्या म्हणाल्यात ना, तयारी नको म्हणून."

"सगळे परीक्षक असंच म्हणतात," आबा म्हणाले. मग रसिकाला पाणी आणायला पाठवून त्यांनी आवाज उतरवला. "सूनबाई, एकदा का पोरीच्या नावापुढे काही लागलं, की ते पुसलं जात नाही. शाळा बघते, पुढे स्थळं बघतात. मी काय तिचा वैरी आहे?"

नव्हतेच. तीच तर पंचाईत होती. वैरी असते तर हेमाने पदर खोचून भांडण केलं असतं. या माणसाने नातीच्या तापात रात्र रात्र मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांच्याशी भांडायचं कसं आणि शपथ पाळून त्यांना समजवायचं तरी कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तशी तिची गत झाली. ती पुन्हा आत गेली आणि गॅस पुसत बसली.

मग तिने ठरवलं, आपण नाही सांगू शकत, पण रसिका तर सांगू शकते. रविवारी आबा खाली कट्ट्यावर गेले होते, सूरज क्रिकेट बघत होता, आणि मायलेकी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

"तिथे मॅडमना खरं सांगायचं हं, राणी."

"कुठलं खरं?"

"तुला माहितीये कुठलं."

रसिकाने एक शेंग उघडली, दाणे मोजल्यासारखे बघितले आणि पातेल्यात टाकले.

"बघ, सोपं आहे. त्या विचारतील, रसिका, तुला काही त्रास होतो का? तू काय म्हणायचंस? मी केस ओढते. म्हण बरं."

"मी केस ओढते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि ओढल्यावर कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

"पूर्ण…"

हेमाने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. रसिकाने मुकाट्याने वाक्य पूर्ण केलं. "केस ओढल्यावर मला बरं वाटतं." अगदी आबांच्या समोर म्हणायची तसं, शेवटी आवाज थोडा वर नेऊन. मग ती म्हणाली, "आई, आबांची उत्तरं वेगळी आहेत. बरोबर कुठली?"

हेमाला स्वतःचीच किळस आली. एका मास्तराच्या जागी आपण दोन केले, एवढंच आपण केलं. पोरीला इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये ती हसऱ्या चेहऱ्याने उभी. "राहू दे," हेमा म्हणाली. "मटार सोल." आणि तिने पाहिलं तर रसिकाचा हात मानेमागे गेलेला. तिने तो धरला आणि दाण्यांच्या पातेल्याकडे आणला.

जायच्या दिवशी सकाळी तिने आणखी एक प्रयत्न केला. केस विंचरले, पण ते आडवे घेतले नाहीत. नुसते मोकळे सोडले, वर एक क्लिप. दिसू दे काय दिसायचं ते. रसिकाने हात मागे नेऊन चाचपलं आणि आरशात आईकडे पाहिलं. तिच्या ओठांचा रंग गेला होता. "आई, नीट घाल ना," ती म्हणाली. "प्लीज. आबा बघतील." बाहेरून आबांची हाक आली, "झालं का? भेटीला उशीर बरा नव्हे!" हेमाने क्लिप काढली, केस आडवे घेतले आणि रोजच्यापेक्षाही घट्ट वेणी घातली.

सूरजने मित्राची, कमलेशची, गाडी आणली होती. पुढे सूरज आणि आबा, मागे मायलेकी. दुर्गाडीच्या पुलावरच गाडी जी अडकली ती अडकली. पुढे टेम्पो, मागे टँकर, बाजूला रिक्षा. आबांना वेळ मिळाला तो त्यांनी वाया कसा घालवावा? मान वळवून त्यांनी शेवटची उजळणी सुरू केली.

"घरात कोण जास्त आवडतं?"

"मला घरात सगळेच आवडतात."

"शाळेत जायला आवडतं का?"

"मला शाळेत जायला खूप…" रसिका थांबली. तिने आवंढा गिळला. हेमाने पिशवी उघडून धरली, पण ओकारी आली नाही. "…खूप आवडतं."

"सूरज, दार उघड," हेमा म्हणाली. "मला जरा हवा हवीये."

"आतून नाही उघडत गं ते. कमलेशने मुलांसाठी लॉक टाकलंय. आणि इथे पुलावर उतरून कुठे जाणारेस? बस ना जरा, निघतंय ट्रॅफिक."

कोनगाव गेलं, माजिवडा गेलं, कोलशेत रोडला वळेपर्यंत आबांची प्रश्नावली दोनदा संपली. रसिका एकदाही चुकली नाही. प्रत्येक बरोबर उत्तरागणिक हेमाचा धीर सुटत चालला होता.

केंद्र एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खोलीत बुटक्या खुर्च्या, खाली सतरंजी, फळीवर खेळ. मंजुळा मॅडम कॉलवर दिसल्या त्यापेक्षा वयाने मोठ्या निघाल्या. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, स्वतः सतरंजीवर बसल्या आणि रसिकाकडे रंगीत ठोकळ्यांचा डबा सरकवला. रसिका एका बुटक्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली, हेमा तिच्या शेजारी, सूरज दाराजवळ. आबांना गुडघ्यांमुळे मागची उंच खुर्ची दिली होती. मॅडम ठोकळ्यांचा मनोरा रचत बसल्या. सूरजने दोनदा घड्याळ बघितलं.

"मॅडम," शेवटी रसिकाच म्हणाली, "प्रश्न कधी विचारणार?"

"विचारू? एकच विचारते. नाही सांगितलंस तरी चालेल. आज आपण इथे का आलोय, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न आबांनी घेतला नव्हता. हेमानेही घेतला नव्हता. रसिकाने मागे वळून आबांकडे पाहिलं. आबांचे ओठ हलले, पण त्यांनाच उत्तर सुचत नसावं. तिने हेमाकडे पाहिलं. हेमाने खाली बघितलं.

मग तिचा हात उठला.

हेमाचा हातही उठला, सवयीने, विचाराच्या आधी. अर्ध्या वाटेत तिने तो आवरला, मागे घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. सगळ्या अंगाचा भार तिने त्यावर टाकला. शेजारी तिच्या पोरीची बोटं घट्ट वेणीखाली शिरत होती, आडवे घेतलेले केस बाजूला सारत होती. ती गुळगुळीत जागा आता मागच्या उंच खुर्चीवरून पुरती दिसत होती. बोटांना एक केस सापडला.

"अगं, हे काय!" आबांचा आवाज फुटला. "हेमा, हे काय झालंय तिला?" मॅडमनी त्यांच्याकडे न बघता तळहात वर केला.

रसिकाने तो केस बोटांत धरून ठेवला होता. ओढला नव्हता. ती वाट बघत होती. रोज या वेळेपर्यंत आईचा हात आलेला असायचा. तो येत नाही हे कळलं तशी तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि त्यामागे राग, हेमाने कधी न पाहिलेला.

"आई," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "धर ना."

हेमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने हात धरला नाही.