चांदीची लाट आणि तेलाचं एक बोट

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या हातात पाण्याने भरलेली परात आहे. ती जराशी कलंडवा. सगळं पाणी एका काठाकडे धावतं आणि उलटून दुसऱ्या काठाकडे येतं. एकही थेंब एकटा जात नाही. आता परातीऐवजी धातूचा तुकडा घ्या आणि पाण्याऐवजी त्यातले इलेक्ट्रॉन. तेही असेच सगळे मिळून हेलकावतात. ही लाट दाखवण्यातच माझं आयुष्य गेलं.

मी एक जुनी निर्वात पेटी आहे. बेलापूरच्या एका कॉलेजात तळमजल्यावर राहते. सगळे मला चेंबर म्हणतात. तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझं पोलाद जोडलं गेलं. इथे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या दिनानाथ सरांचे केस तेव्हा काळेभोर होते. माझ्या एकेका जोडावरून ते भिंग फिरवत, तेव्हा मला गुदगुल्या होत.

माझ्या पोटातली हवा पंपाने काढून घेतात. मग आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर चांदीची वाफ बसवतात. थर केवढा? एकावर एक रचलेले जेमतेम दहा अणू! त्यावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडला, की परतणाऱ्यांपैकी काही थोडी ऊर्जा गमावून येतात. ती थरातली लाट उठवण्यात गेलेली असते. पडद्यावरच्या रेघेत तेवढ्या ऊर्जेच्या जागी एक उंचवटा दिसतो. थर फार पातळ असला, तर खालचं अॅल्युमिनियमही त्या लाटेत लुडबुड करतं. थर वाढला, की चांदी आपली चाल धरते.

लॅबचे मदतनीस कमळाकरकाका पूर्वी मिठागरात राबलेले. हे ऐकून ते म्हणाले होते, "सर, मिठागरान पानी बोटभर आसला, का लाट तलाला घासून चालतं. पानी वाढला, का मंग लाट मोकली. तसाच ना ह्या?"

सरांनी टाळी वाजवली. "काका, हे मी उद्या वर्गात सांगणार!" आणि पुढे वीस वर्षं त्यांनी ते सांगितलं. किती मुलं माझ्याभोवती दाटीवाटीने उभी राहत! उंचवटा दिसला, की कुणीतरी चहा मागवायचं. ते दिवस आठवले, की अजूनही माझं पोलाद कोमट होतं.

मग मुलं कमी झाली. माझ्यावर खोकी ठेवली जाऊ लागली. सर निवृत्त झाले, तरी रोज येऊन माझी धूळ पुसत. यंदा विभागप्रमुख सुनीती मॅडम म्हणाल्या, "सर, नव्या मशीनला जागा नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी कमिटी येतेय. चांदीचा उंचवटा दाखवा, नाहीतर हिला भंगारात द्यावं लागेल."

सरांनी नवी चकती बसवायला माझं एक झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी कमळाकरकाका माझी पूजा करत, पण बाहेरून, हँडललाच. यंदा त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी नातीला पुढे केलं. अकरा वर्षांची जागृती. कुंकू टिकावं म्हणून आजीने ते खोबरेल तेलात कालवून दिलेलं. बाहेर हार घालून झाल्यावर जागृतीला वाटलं, देव काय हँडलमध्ये बसतो? तिने उघड्या झाकणातून हात घालून आतल्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं. मग 'आत उघडा हात लावायचा नाही' ही सरांची ताकीद आठवली. घाईघाईने तिने ते रुमालाने पुसलं. लाल रंग गेला. तेल राहिलं, आणि निर्वातात तेलाचा ठिपकाही सतत वाफ सोडत राहतो.

सरांनी झाकण बंद करून पंप लावला. दाबाचा काटा उतरला आणि मध्येच अडला. आतला ओलावा निघावा म्हणून मला दोन दिवस तापवलं. काटा तिथेच. प्रत्येक जोडावर स्पिरिट फवारून पाहिलं, गळती नाही. शुक्रवारी शाळेतून जागृती आजोबांना न्यायला आली, तेव्हा सर स्टुलावर बसले होते.

"आतून सगळं धुवायचं, तर पंधरा दिवस हवेत, काका. सांगू या मॅडमना, हिला न्या म्हणावं."

काकांनी माझ्यावरून हात फिरवला. जागृती रुमाल पिळत उभी होती.

"सर... मी आत कुंकू लावलं होतं. तेलातलं. मग पुसलं."

"आगो पोरी!" काका ओरडले. "चेंबरान तेल? घरा चल तू!"

"थांबा हो काका." सरांनी चष्मा काढला. "कुठे लावलंस?"

"इथं. काचेच्या खिडकीखाली, आत."

"नक्की?"

"नक्की सर. देवाची शप्पत."

सर चक्क हसले. "अगं, मग पंधरा दिवस कशाला? एवढीच जागा धुऊ!"

मित्रांनो, आमच्यासारख्यांना झाकण, देखभाल, स्वच्छ हातमोजे हे सगळं हवं असतं. पण हातून काही झालं, तर ते कुठे झालं, हे सांगणारा माणूस आम्हाला त्याहून जास्त हवा असतो. आम्हाला स्वतःला तोंड नाही.

शनिवार-रविवार मी पुन्हा तापले. सोमवारी काटा तळाला गेला. चांदी बसली. पडद्यावरची रेघ सपाट चालत आली आणि हळूच वर उठली. कमिटीसोबत आलेल्या सुनीती मॅडमनी वाकून तो उंचवटा पाहिला. मग म्हणाल्या, "राहू दे हिला. नवीन मशीन वरच्या मजल्यावर लावू."

सगळे चहाला गेले. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक बिघाड एका वहीत लिहायचा रिवाज आहे. शुक्रवारच्या पानावर सरांनी फक्त 'आत तेल आढळले' एवढंच लिहून ठेवलं होतं. जागृतीने वही ओढली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि त्याच ओळीपुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.